सोल्युशनचा डबा गॅलरीतच उघडा

घरातल्या फिश टँकला संप किंवा बाहेरचा फिल्टर बसवायचा म्हटले की पीव्हीसीचे पाइप, एल्बो, टी आणि प्लंबर ज्याला नुसते ‘सोल्युशन’ म्हणतात तो छोटा डबा घरी येतो. हे सोल्युशन पाइपचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करते. मग त्यातली द्रावके उडून जातात आणि पाइप व एल्बो एकजीव होतात. टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन, ॲसिटोन, सायक्लोहेक्सानोन यांपैकी डब्यात जे काही असेल, ते हवेत गेल्याशिवाय जोड पक्का होतच नाही. त्यामुळे वाफ कशी टाळायची याचा विचार करण्यात अर्थ नाही. ती कुठे सोडायची एवढेच आपल्या हातात असते. माझे म्हणणे असे की ती टाकीच्या खोलीत कधीच सोडू नये, आणि जोडणीची आखणी पहिल्यापासून तशीच करावी.

‘एवढ्याशा डब्याने काय होणार?’ हा पहिला आक्षेप. हिशेबच करून पाहू. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या बंद खोलीत तीन चमचे, म्हणजे 15 मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरान उडाले, तर त्याची वाफ साधारण साडेचार लिटर होते. खोलीभर ती सारखी पसरली असे धरले, तरी प्रमाण दर दशलक्ष भागांत पावणेदोनशेच्या आसपास जाते. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 200 आहे, आणि तिथल्याच आरोग्यतज्ज्ञांच्या एका संघटनेने सुचवलेली मर्यादा तर 50. शिवाय वाफ सारखी पसरत नाही. ती हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने डब्याच्या तोंडातून खाली उतरते आणि जमिनीलगत रेंगाळते. आता टाकीखालच्या कपाटाकडे बघा. साठ सेंटिमीटर रुंद, चाळीस खोल, साठ उंच अशा बंद कपाटात जेमतेम दहा मिलिलिटर द्रावक उडाले, तरी हवा पेट घेऊ शकेल इतकी, म्हणजे दोन टक्के वाफ साठते. कपाटाचे दार उघडे असेल तर ती इतकी साठणार नाही, हे मान्य. पण हीटरचा थर्मोस्टॅट, पंप आणि प्लगांनी भरलेला एक्स्टेंशन बोर्ड नेमका त्याच कपाटात असतो. हवेचा पंपही बऱ्याच घरांत तिथेच ठेवतात. तो आजूबाजूची हवा ओढून बुडबुड्यांनी थेट पाण्यात सोडतो, आणि टेट्राहायड्रोफ्युरान पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते.

‘प्लंबर तर रोज हेच करतात’, असेही कुणी म्हणेल. खरे आहे, पण ते बहुतेक वेळा दारे-खिडक्या न बसलेल्या बांधकामात किंवा डक्टमध्ये काम करतात, आणि त्यांना काही होत नाही हे आपण कशावरून ठरवले? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टेट्राहायड्रोफ्युरान ‘माणसात कर्करोगास कारण होण्याची शक्यता असलेल्या’ गटात ठेवले आहे. त्याने घाबरून जायचे कारण नाही, पण निष्काळजी राहायचेही नाही. पंखा वाफ ढवळतो, घराबाहेर काढत नाही. स्प्लिट एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. कापडी किंवा एन-95 मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. आणि नाकावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. थोड्या वेळाने त्याला वास जाणवेनासा होतो, वाफ मात्र तिथेच असते.

म्हणून मोजणे, कापणे, पाइपच्या कडा घासून बुरा काढणे आणि कोरडी जुळणी हे सगळे टाकीपाशी करावे. प्रत्येक जोडावर पेन्सिलने आडवी रेघ मारून घ्यावी, कारण सोल्युशन लावल्यावर एल्बोची दिशा ठरवायला काही क्षणच मिळतात. मग तुकडे उचलून गॅलरीत किंवा गच्चीवर न्यावेत, खोलीचे दार मागे लावून घ्यावे आणि जोड तिथेच करावेत. जवळ उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट काही नको. हेअर ड्रायरने वाळवण्याची घाई तर अजिबात नको. डब्याचे झाकण प्रत्येक जोडानंतर लावावे. पुसलेले फडके घरातल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता बाहेरच पूर्ण वाळू द्यावे. वाळायला किती वेळ लागतो ते डब्यावर लिहिलेले असते, पण ते कोरड्या हवेसाठी. दमट हवेत दीडपट वेळ धरा असे उत्पादकच सांगतात, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात मी तर पूर्ण एक दिवस थांबायलाच सांगेन.

सगळ्यांत रास्त आक्षेप शेवटच्या जोडाचा आहे. टाकीच्या मागे, भिंतीला चिकटलेला जोड बाहेर कसा न्यायचा? तो सोल्युशनने करायचाच नाही. तिथे युनियन बसवावी, टेफ्लॉन टेप लावलेला आट्यांचा तुकडा वापरावा किंवा लवचीक नळी क्लिपने आवळावी. युनियनला चार पैसे जास्त पडतात, पण पुढे पंप काढून धुताना त्याच सांध्यावर पाइप सोडवता येतो. वाळलेली जोडणी टाकीला लावण्याआधी बाथरूममध्ये नेऊन तिच्यातून भरपूर पाणी सोडावे. कुठे गळती दिसली तर तो तुकडा कापून नवा घालावा. वरून सोल्युशन थापून गळती थांबत नाही.