कॅनडाची विद्युत् संहिता आणि सुवाह्य औद्योगिक यंत्रे

वेल्डिंगचा संच, पाण्याचा पंप, हाताने चालवावयाचे ड्रिल किंवा चाकांवरून ढकलत न्यावयाचा काँप्रेसर ही यंत्रे एका जागी स्थिर नसतात. ती ओल्या जमिनीवर ठेवली जातात, त्यांची केबल फरफटत नेली जाते आणि कामगाराचा हात त्यांच्या धातूच्या कवचावर असतो. साहजिकच स्थिर यंत्रांपेक्षा त्यांच्यापासून अपघाताचा संभव अधिक. अशा यंत्रांविषयी कॅनडात कोणते नियम पाळले जातात, हे तेथे माल पाठवू इच्छिणाऱ्या बेळगाव, वडोदरा, इंदूर येथील लघुउद्योजकांनी आणि तंत्रशिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

संहितेचे स्वरूप

कॅनडाची विद्युत् संहिता प्रथम १९२७ साली प्रसिद्ध झाली. तिची सव्विसावी आवृत्ती २०२४ साली निघाली. पहिल्या भागात विद्युत् मांडणीचे नियम असून दुसऱ्या भागात उपकरणांची मानके आहेत. संहिता हा स्वतः कायदा नव्हे. प्रत्येक प्रांत ती आवश्यक त्या फेरफारांसह स्वीकारतो, तेव्हा ती तेथे बंधनकारक होते. यास्तव यंत्र कोणत्या प्रांतात जाणार, हे प्रथम निश्चित करावे.

मान्यतेची खूण

मान्यता नसलेले यंत्र जोडण्यास संहितेची परवानगी नाही. कॅनडाच्या मानक परिषदेने अधिकृत केलेल्या संस्थेकडून तपासणी होऊन यंत्रावर तिची खूण असावी लागते. भारतातील आयएसआय खूण किंवा युरोपातील सीई खूण तेथे चालत नाही. एखादेच यंत्र अथवा थोडी यंत्रे पाठवावयाची असल्यास जागेवरच तपासणी करून घेण्याची सोय आहे. यंत्र योग्य ठरल्यास त्यावर तशी चिठ्ठी लावली जाते. मात्र यंत्र पोहोचल्यानंतर दोष आढळला, तर दुरुस्तीचा खर्च होतो आणि तोवर काम खोळंबते. म्हणून ही चौकशी यंत्र बांधण्यापूर्वीच करावी.

दाब आणि आवर्तने

भारतात वीजपुरवठ्याची आवर्तने सेकंदास ५० असतात, तर कॅनडात ६०. तेथे साध्या प्लगवर १२० व्होल्ट आणि कारखान्यांत बहुधा त्रिकला ६०० व्होल्ट दाब मिळतो. आपल्याकडील ४१५ व्होल्टची मोटार तेथे सरळ जोडता येत नाही. शिवाय इंडक्शन मोटारीची गती आवर्तनांबरोबर एकपंचमांशाने वाढते. मिनिटास सुमारे ३,००० फेरे घेणारे सहाणयंत्राचे चाक तेथे सुमारे ३,६०० फेरे घेईल. चाकाची मर्यादा त्याहून कमी असल्यास ते फुटून कामगाराच्या जिवावर बेतू शकते.

केबल व संरक्षक तार

केबल कठीण वापरास योग्य अशा जातीची व यंत्राच्या विद्युत्प्रवाहास पुरेशी असावी. ती यंत्रात शिरते तेथे ओढ तारांच्या जोडांवर न येता पकडीवर यावी. लवचीक केबल कायमच्या वायरिंगऐवजी वापरण्यास किंवा भिंतीच्या छिद्रातून नेण्यास मनाई आहे. दुहेरी विद्युत्‌रोधन नसलेल्या यंत्राचे धातूचे कवच हिरव्या संरक्षक तारेने प्लगच्या भूसंपर्क खिळ्याशी जोडलेले असावे. हा खिळा कापून प्लग बसविणे म्हणजे संरक्षणच तोडणे होय.

गळतीप्रवाह-खंडक

समजा, ओल्या अंगाचा विद्युत्‌रोध १,००० ओहम आहे. १२० व्होल्टचा स्पर्श झाल्यास त्यातून १२० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हा प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. तथापि १५ अँपिअरच्या फ्यूजला तो जाणवणारही नाही, कारण फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या नव्हे. गळतीप्रवाह-खंडक मात्र जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांची सतत तुलना करतो आणि सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. उघड्यावर व ओल्या जागी सुवाह्य हत्यारे वापरताना म्हणूनच त्यास महत्त्व दिले जाते.

शेवटी, यंत्रावरील पट्टीवर निर्मात्याचे नाव, नमुना क्रमांक, दाब, आवर्तने व प्रवाह स्पष्ट कोरलेले असावेत. वरील नियम दूरदेशीचे असले, तरी त्यांमागील कारणे सर्वत्र सारखीच आहेत. शेतावरच्या पंपाची सोललेली केबल आणि तुटलेली अर्थिंगची तार येथेही तितकीच घातक आहे.