जवळ्यातले धागे मोजताना

विदर्भातल्या समुद्रपूर तालुक्यात समुद्राची मासळी येते ती वाळून. आठवडी बाजारात बोंबील, जवळा, झिंगे असे ढीग लागतात आणि मजुरीचे पैसे हातात आले की बाया आधी तिकडे वळतात. मी रसायनशास्त्र शिकवते. या सुकटीतले प्लास्टिकचे कण मोजायला लागल्यापासून जे कळत गेलं, ते इथे सांगते.

१. स्वस्त मासळी पोटासकट खाल्ली जाते. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिक मुख्यतः माशाच्या आतड्यात सापडतं. सुरमई साफ करताना आतडी निघून जातात. जवळ्याची कोण काढणार? मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकांना अरबी समुद्रातल्या कोळंबीच्या पोटात असे कण मिळाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला ते साळ नदीच्या खाडीतल्या कालवांत, तिसऱ्यांत मिळाले. हे वाचलं आणि मोजायचा तर जवळाच, हे मनाशी पक्कं झालं.

२. मासळी विरघळली पाहिजे आणि प्लास्टिक टिकलं पाहिजे. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दहा टक्क्यांचं द्रावण वापरतात आणि धीर धरतात. तीव्र नायट्रिक आम्लाने काम झटपट होतं, पण त्यात नायलॉनही नाहीसं होतं, आणि आजची कितीतरी जाळी नायलॉनचीच. जवळ्याचं कवच मात्र पोटॅशला दाद देत नाही. ते गाळणीवर उरतं, त्यातून कण वेचताना डोळे शिणतात.

३. मिठाने मला चकित केलं. उरलेल्या गाळातून प्लास्टिक वर आणायला मिठाचं संपृक्त पाणी वापरतात. पिशव्यांचं पॉलिथिन, पोत्यांचं पॉलिप्रॉपिलीन त्यावर तरंगतं. बाटल्यांचं पेट आणि पाइपांचं पीव्हीसी जड, ते तळाशीच राहतं. म्हणजे स्वस्त मिठावर भागवलं, तर मोजणीतून अख्खे प्रकार निसटतात. शिवाय आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की भारतीय समुद्री मिठातच प्लास्टिकचे कण असतात. शोधायचं तेच शोधाच्या साधनात! तेव्हापासून मिठाचं पाणी आधी गाळल्याशिवाय मी पुढे जात नाही.

४. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांत जास्त दिसतात ते धागे, आणि धाग्यांविषयी कापसाच्या मुलखातल्या माणसाने घाई करू नये. निळा, लाल धागा दिसला की मन लगेच प्लास्टिक म्हणतं. पण रंगवलेला कापूसही तसाच दिसतो. नीट पाहिलं तर कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा असतो, पॉलिस्टरचा गुळगुळीत नि एकसारखा. तापलेली सुई लावली की प्लास्टिक वितळून आक्रसतं, कापूस करपतो. तरी शंका उरतेच. मग नमुना नागपूरला, इन्फ्रारेड वर्णपटाच्या यंत्राकडे. आपल्याच कपड्यांतून प्लास्टिकचे धागे पडू नयेत म्हणून प्रयोगशाळेत सुती कोट घालतात, आणि प्रत्येक फेरीत एक कोरा नमुना ठेवतात: मासळी नाही, बाकी सगळं तेच. त्या कोऱ्या नमुन्यातही धागे निघतात. ते हवेतून आलेले, आपल्याच ओढणीचे, पडद्याचे. तेवढे वजा केल्याशिवाय माशाच्या नावावर काही लिहिता येत नाही. बाहेरून आलेला धागा किती नडतो, हे आमच्याकडच्या जिनिंगवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. कापसात आलेला प्लास्टिक सुतळीचा तुकडा सुतापर्यंत पोचतो आणि माल परत येतो, हा त्यांचा जुना ताप आहे.

५. ताटावर पडणारी धूळ कमी नाही. हेरियट-वॉट विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, शिंपल्यांतून पोटात जाणाऱ्या कणांपेक्षा जेवताना घरातल्या धुळीतून ताटात पडणारे धागे कितीतरी पट अधिक निघाले. म्हणून सगळा दोष मासळीच्या माथी मारणं मला पटत नाही. आपल्याकडचं प्लास्टिकही वणा नदीतून वर्धेत, पुढे प्राणहिता-गोदावरीने बंगालच्या उपसागरात जातंच की.

६. कणांच्या आकड्यावरून किती धोका, हे अजून ठरत नाही. भारतात मासळीतल्या सूक्ष्म प्लास्टिकची मर्यादा ठरलेली नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये मोजणीची प्रमाण पद्धत बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात लखनौची विषविज्ञान संस्था, कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि पिलानीची बिट्स आहे. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

जवळा खाणं सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. मजुराच्या ताटात तेवढ्या पैशात दुसरं काय येतं? माझी विनंती मोजणाऱ्यांना आहे. नमुने किनाऱ्यावरच्या ताज्या मासळीचेच घेऊ नका. विदर्भाच्या आठवडी बाजारातली मूठभर सुकटही त्यात असू द्या.