मुलांच्या कलाने की मुलांच्या पावलाने?

सुटीची चाहूल लागली की घरोघर एक प्रश्न निघतो: यंदा मुलांना कोठे न्यावयाचे? पूर्वी आजोळ हे त्याचे ठरलेले उत्तर असे. आता उत्तर मुलेच देतात, आणि ते बहुधा उंच पाळणे, घसरगुंड्या व पाण्याच्या लाटा असलेल्या एखाद्या मोठ्या मनोरंजन उद्यानाचे नाव असते. त्यात गैर काहीच नाही. मात्र तीन पिढ्यांचे कुटुंब सकाळी हसतखेळत अशा ठिकाणी जाते आणि संध्याकाळी एकमेकांशी न बोलता परत येते, असे का होते, याचा विचार व्हावयास हवा. वर्षातून एकदाच एकत्र येणाऱ्या कुटुंबाचा तो दिवस पुन्हा मिळत नसतो.

उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात कौटुंबिक प्रवासाच्या नियोजनाविषयी एक लहानसा संवाद आहे. वीस वर्षे लाबानाकडे काढून याकोब बायकामुले व गुरेमेंढरे यांसह मायदेशी परत निघाला आहे. चारशे माणसे घेऊन सामोरा आलेला एसाव आपण बरोबरच पुढे जाऊ असे सुचवितो. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, कळपात पाजणारी जनावरे आहेत, त्यांना एक दिवस जरी दामटून नेले तरी ती दगावतील, हे त्याचे कारण. याकोबाच्या मनात भावाची भीतीही होती व तो पुढे सेईरला न जाता सुक्कोथाकडे वळला, हे अभ्यासकांनी दाखवून दिलेलेच आहे. तरीही सांगितलेले कारण काही खोटे नव्हते.

आपण सावकाश, मुलांना झेपेल तसे येऊ, असे याकोब म्हणतो, तेथे मूळ इब्री भाषेत ‘रेगेल’ हा शब्द आहे. रेगेल म्हणजे पाऊल. मुलांचे जे पाऊल, त्या पावलाने, असा त्याचा शब्दशः भाव. भाषांतर करणाऱ्याला येथे एक मोह पडतो, कारण मराठीत ‘मुलांच्या कलाने घेणे’ हा सुंदर वाक्प्रचार तयारच आहे. परंतु कल वेगळा आणि पाऊल वेगळे. कल म्हणजे मनाची ओढ. पाऊल म्हणजे शरीराची ताकद. पाच वर्षांच्या मुलाचा कल दिवसभर पाण्यात डुंबण्याकडे असतो, पण त्याचे पाऊल दुपारी दोनलाच थकलेले असते. आपण सहली आखतो त्या कलाने, आणि त्या बिघडतात त्या पावलामुळे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी एक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवू. त्याचे घर सेक्टर ६७ मध्ये आहे. चंदीगड म्हणून ओळखला जाणारा हा भाग प्रत्यक्षात पंजाबातील मोहालीत, म्हणजे साहिबजादा अजितसिंग नगरात मोडतो. राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था याच सेक्टरमध्ये असल्यामुळे देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे शिकावयास व नोकरीस येतात. त्यांत मराठी घरेही असणारच. आपल्या कल्पनेतील घरात आईवडील, बारा वर्षांची मुलगी व पाच वर्षांचा मुलगा आहे. कोकणातून आजी-आजोबा यावयाचे आहेत. आजीचे गुडघे दुखतात. आजोबांना मधुमेह व रक्तदाब आहे. मुलांनी वर्षभर धोशा लावला आहे, की आजी-आजोबा आले की सर्वांनी मिळून वॉटर पार्कला जावयाचे.

पहिला प्रश्न केव्हा जावे, हा. येथे एक गंमत आहे. सेक्टर ६७ पंजाबात, जवळचे चंदीगड केंद्रशासित, आणि पलीकडचे पंचकुला हरियाणात. तासाभराच्या अंतरात तीन शासनव्यवस्था, आणि शाळांच्या सुट्यांचे तीन तक्ते! महाराष्ट्रात शाळा मे महिन्यात बंद असतात व जूनच्या मध्यास उघडतात. पंजाबात उन्हाळी सुटी मुख्यतः जूनची. म्हणजे मुंबई-पुण्याची चुलतभावंडेही यावयाची असतील, तर दोन्हीकडची सुटी जुळते ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, नेमकी पारा चाळीस अंशांपलीकडे जाण्याच्या दिवसांत. पाऊस तेथे साधारणतः जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी पोहोचतो. नाताळात जावे म्हटले तर धुके. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, आणि त्या थंडीत पाण्यात उतरण्याचे नावच नको. केवळ आजी-आजोबाच यावयाचे असतील, तर त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. शाळेचा एखादा दिवस बुडाला तरी चालेल. जूनच येणार असेल, तर दिवसाचे दोन तुकडे करावयाची तयारी हवी, त्याविषयी पुढे.

कोकण रेल्वेमार्गाने मडगावहून चंदीगडला थेट गाडी आहे, गोवा संपर्क क्रांती. प्रवास एका दिवसाहून बराच अधिक. एवढा प्रवास करून उतरलेल्या वृद्धांना दुसऱ्याच सकाळी ‘चला, तिकिटे काढली आहेत’ असे सांगणे म्हणजे त्यांना दामटून नेणेच होय. मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. नातवंडांना आजी तेवढीच हवी असते. पाळणा दोन दिवस थांबेल.

आता कोठे जावे. सेक्टर ६७च्या रहिवाशाला वॉटर पार्क दोन्ही दिशांना आहेत: लांडरांजवळचे थंडर झोन, आणि पंचकुला जिल्ह्यात रामगडजवळचे फन सिटी. दोन्हींत पाण्याचे खेळ आहेत आणि पाळणेही. निवड करताना मुलांच्या मित्रांनी काय सांगितले यावर न जाता आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: बसावयास सावली किती आहे, बाहेरचे अन्न आत नेऊ देतात का आणि मधुमेही व्यक्तीसाठी सवलत आहे का, पाण्यात न उतरणाऱ्या वृद्धांचे तिकीट काय, आणि त्या दिवशी कोणते खेळ दुरुस्तीसाठी बंद आहेत. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर मुलांची निराशा घरीच आटोपते, फाटकाशी होत नाही. सोमवार ते शुक्रवार गेल्यास गर्दी कमी व अनेक ठिकाणी दरही कमी असतात. मुलांचे तिकीट बहुतेक उद्यानांत वयावर नव्हे, उंचीवर ठरते. तेव्हा मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीला लावून मोजावी.

उंचीची ही रेघ पुष्कळांना जाचक वाटते. ‘आमचा घाबरत नाही हो, सोडा त्याला,’ म्हणून हुज्जत घालणारे वडील प्रत्येक रांगेत दिसतात. प्रश्न घाबरण्याचा नसतोच. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात नायट्रो नावाचे रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच जाते आणि ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. अशा वेगात माणसाला धरून ठेवतो तो खांद्यांवरून येणारा दांडा. तो ठराविक मापाच्या शरीरालाच नीट बसतो. लहान शरीर त्याच्याखालून निसटू शकते. मुलाची छाती कितीही धीट असो, दांड्याला ती कळत नाही. तसेच हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान व पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण यांविषयीच्या सूचना फलकावर शोभेसाठी लिहिलेल्या नसतात. आपल्या आजोबांनी अशा पाळण्यात बसू नये, आणि नातीने त्यांना आग्रहही करू नये; हे घरून निघण्यापूर्वीच मोकळेपणाने सांगून टाकावे. सर्वांसमोर नकार द्यावा लागला की वृद्ध माणसाला कमीपणा वाटतो.

पाणी आणि ऊन हे अशा जागांचे जुने दुखणे आहे. अमेरिकेत अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, त्या दिवशी कडक ऊन होते, बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक घुसले, आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी पडली. एवढ्या मोठ्या उद्योजकाची ही गत. आपण तर पाण्याच्या बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात. मौज अशी, की पाण्यात खेळणाऱ्या मुलाला तहान कळत नाही आणि घामही दिसत नाही. दर तासाला त्याला बाहेर बोलावून लिंबूसरबत किंवा क्षारसंजीवनीचे पाणी पाजावे. कोणी बरळू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, अंग तापून कोरडे पडले, तर तो उष्माघात समजावा; सावलीत नेऊन अंगावर ओले कापड व वारा घालावा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जूनमध्ये जाणे भागच असेल, तर दिवसाचे दोन तुकडे असे पाडावेत. उघडण्याच्या वेळीच फाटकाशी हजर राहावे. पहिल्या दोन तासांत रांगा लहान असतात, तेव्हा मुलीला हवे असलेले मोठे खेळ आधी उरकावेत. बारा ते चार जेवण, सावली आणि, शक्य असेल तर, एक डुलकी. पाच वर्षांच्या मुलाला त्या वेळी झोप येत नाही, चिडचिड येते. ती झोपच आहे हे ओळखावे. आजोबांच्या गोळ्या व जेवणाची वेळ घड्याळाप्रमाणे, रांगेप्रमाणे नव्हे. इन्सुलिन घेत असतील तर ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. चारनंतर पुन्हा पाणी, आणि तेही थोडेच.

पाण्याजवळ एक नियम कडक असावा. लहान मुलापासून एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावयाचे, आणि तो माणूस कोण हे दर तासाला नाव घेऊन ठरवावयाचे. बुडणारे मूल ओरडत नाही. ते गुपचूप खाली जाते. ‘सगळेच बघताहेत’ याचा अर्थ पुष्कळदा कोणीच बघत नाही असा होतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू मागे राहिला आणि एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत ते आईवडिलांच्या ध्यानातही आले नाही, त्याचे कारण हेच: तो सोबतच्या नातलगांत असेल, असे प्रत्येकाला वाटले. ती निष्काळजी माणसे नव्हती. मोठ्या जथ्यात असे होतेच. म्हणून सकाळी निघताना मुलांचे एक छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे सांगता येतात. लहानाच्या मनगटावर न पुसणाऱ्या शाईने आईचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. आणि चुकलेल्याने कोठे थांबावयाचे ती एक जागा आत शिरताच सर्वांना दाखवावी. पाण्यात भ्रमणध्वनी कोणाजवळच नसतो, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावे.

आणि आजी? तिने दिवसभर पिशव्या राखीत बाकावर बसावे, असे गृहीत धरले जाते. हे मला मान्य नाही. तिच्यासाठी वेगळा दिवस आखावा. छतबीरच्या प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. गुडघ्यांना त्रास होत नाही. (सोमवारी ते बंद असते.) रॉक गार्डन तर पाहावेच. रस्ते निरीक्षकाची नोकरी करणाऱ्या नेकचंदांनी १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबश्या व पडक्या घरांचा माल गोळा करून ते गुपचूप घडविले आणि १९७६ साली ते लोकांना खुले झाले. एका माणसाने टाकाऊ वस्तूंतून उभे केलेले ते एक मनोरंजन उद्यानच आहे. शेवटच्या भागात कमानींना टांगलेले मोठे झोपाळेसुद्धा आहेत. मात्र तेथील दारे बुटकी आणि वाटा चढउताराच्या आहेत. आजीला हाताला धरून, अर्धेच दाखवावे. उरलेला वेळ जवळच्या सुखना तलावाकाठी, जेथे सपाट रस्ता व बसावयास बाके आहेत. पाच वर्षांचा नातू आणि सत्तरीची आजी यांचे पाऊल जवळजवळ सारखेच असते, हे तेथे ध्यानात येते. फिरावयाचे अंतर दोघांचे एकच.

खर्चाचे थोडक्यात. तिकिटापेक्षा आतले खाणे, कपाट व भाड्याचे पोशाख यांत अधिक पैसा जातो. पाण्यात सुती कपडे बहुधा चालत नाहीत. नायलॉनचे घरूनच न्यावेत. मुलांना प्रत्येकी ठराविक रक्कम हातात द्यावी आणि ती कशी खर्चावी ते त्यांच्यावर सोडावे. दर दहा मिनिटांनी होणारी मागणी व नकार यांतून सुटका होते.

वॉटर पार्कहून निघावयाचे ते बंद होण्याच्या तासभर आधी. शेवटच्या घटकेला सारी गर्दी एकदम कपडे बदलावयास व वाहनतळाकडे धावते. मुले कुरकुरतील, ‘अजून एकदाच’ म्हणतील. तो त्यांचा कल. गाडीत बसताच पाच मिनिटांत ती झोपलेली असतील. कोरडे कपडे, एक चादर व थोडा खाऊ गाडीतच ठेवावा आणि रात्रीचे पिठले-भाताचे सामान सकाळीच काढून ठेवावे. दुसऱ्या दिवसासाठी काहीही ठरवू नये. ओले कपडे वाळत घालावयाचे असतात, आणि आजीच्या गुडघ्यांना तेल चोळावयास नातवंडे घरी असतात.