लाखाचा लेहंगा, चाळीस हजारांची पैठणी: पैसे कशाचे मोजता?

तुळशीचं लग्न लागलं की घराघरांत बस्त्याची बोलणी सुरू होतात. मानपानाच्या साड्या आणि आहेराचे कपडे एका फेरीत उरकतात. गाडी अडते ती नवरीच्या शालू-लेहंग्यापाशी आणि नवरदेवाच्या शेरवानीपाशी. दुकानदार एकावर एक साड्या उलगडत जातो, आकडा दहा हजारांवरून चाळीसवर आणि चाळीसवरून लाखावर जातो. मग ‘लग्न एकदाच होतं’ या वाक्यावर बिल फाडलं जातं.

महाग कपडा घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. काही महाग कपड्यांत रुपयाचा रुपया मिळतो. पण कपडा महाग का, हे कापडावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. सूत, हातकाम आणि शिवण यांचे पैसे आनंदाने द्यावेत. बाकीची रक्कम कशाची, हे समजून घेऊन मगच पाकीट उघडावं.

किंमत कशाकशाची?

डिझायनर कपड्याच्या किमतीत पाच गोष्टी असतात: कापड, हातकाम, शिवण, डिझाइन आणि नाव. पहिल्या तीन तुमच्या अंगावर येतात. डिझाइनलाही मोल आहे, कारण रंगांचा मेळ, कटिंग, नमुने बनवून मोडण्याची मेहनत त्यात असते. नावात मात्र शोरूमचं भाडं, जाहिरात, फॅशन शो आणि न विकलेल्या मालाचा तोटा हे सगळं येतं.

या नावाला केवढा भाव असतो, हे एका व्यवहारावरून कळेल. २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या फॅशन कंपनीने सब्यसाची या ब्रँडची ५१ टक्के मालकी ३९८ कोटी रुपयांना घेतली. असं नाव हवं असेल, तर ते घेण्यात गैर काही नाही. फक्त त्या रकमेतून शिवणीचा एकही टाका वाढत नाही, हे लक्षात असू द्या.

हातकामाची किंमत मात्र कागदावर मांडता येते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘यावर किती कारागीर किती दिवस बसले?’ समजा, एका लेहंग्यावर चार कारागिरांनी पंधरा दिवस आरीकाम केलं. ते झाले ६० मनुष्यदिवस. दिवसाची मजुरी ७०० रुपये धरली तरी ४२ हजार रुपये नुसत्या हातांचे होतात. असा लेहंगा ८० हजारांना असेल, तर भाव समजण्यासारखा आहे. ‘संपूर्ण हातकाम’ म्हणून तोच १५ हजारांना मिळत असेल, तर एकतर काम मशीनचं आहे किंवा कारागिराच्या पोटावर पाय आला आहे.

शिवलेला कपडा उलटा करून पाहा

दिव्यांच्या झगमगाटात सुलट बाजू नेहमीच छान दिसते. खरं काय ते उलट बाजू सांगते. ट्रायल रूममध्ये जाण्याआधी एवढं तपासा:

• भरतकाम. कॉम्प्युटर मशीनच्या कामाला मागे एकसारखा, बहुधा पांढरा दोरा दिसतो आणि कित्येकदा कागदासारखं अस्तर चिकटलेलं असतं. आरीच्या कामात मागे टाक्यांच्या सरळ रेघा, मधेमधे गाठी आणि थोडा कमी-जास्तपणा दिसतो. मशीनचं काम वाईट नसतं, पण ते हातकामाच्या भावात घेऊ नये.

• खडे आणि टिकल्या. नखाने हलकेच उचलून पाहा. टाचलेला खडा हलतो, पण सुटत नाही. डिंकाने चिकटवलेले खडे ड्रायक्लीनिंगमध्ये गळण्याची भीती असते.

• माया. बाजूच्या शिवणीत कापड किती सोडलंय ते बघा. दोन्हीकडे इंचभर माया असेल, तर पाच वर्षांनीही चोळी उसवून सैल करता येते. माया काटून ओव्हरलॉक मारलेला कपडा अंग भरलं की कपाटातच राहतो.

• अस्तर. लेहंग्याला आणि ब्लाऊजला सुती अस्तर असेल, तर मे महिन्यातल्या मांडवात त्याची किंमत कळते. पॉलिएस्टर अस्तराने घाम टिपला जात नाही.

• शेरवानीची छाती. छातीवरचं कापड आत-बाहेर चिमटीत धरून अलग ओढा. मधे तिसरा थर सुटा लागला, तर आत टाचलेलं कॅनव्हास आहे. थर एकमेकांना चिकटलेले वाटले, तर फ्यूजिंग आहे. फ्यूजिंगचे कपडे काही धुलायांनंतर फुगवटे धरू शकतात. पन्नास हजारांची शेरवानी फ्यूजिंगची असेल, तर भाव नावाचा आहे.

पैठणीचं गणित

‘पैसे कशाचे?’ या प्रश्नाची महाराष्ट्रात खरी कसोटी पैठणीवर लागते. इथे ‘पैठणी’ या एकाच नावाखाली दीड हजारापासून काही लाखांपर्यंतचा माल विकला जातो.

येवल्यात विणकराच्या घरी मागाजवळ थोडा वेळ बसलात, तर किमतीचं कोडं आपसूक सुटतं. पदर विणताना तो एक धोटा सरसर फेकत नाही. मोराच्या मानेचा निळा, पिसाचा हिरवा, चोचीचा लाल अशा प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी ताण्यावर लोंबत असते. ती हाताने ठराविक धाग्यांतून काढायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची आणि परत फिरवायची. असं एका ओळीत कितीतरी वेळा. दिवसभर बसून जाड नक्षीचा पदर काही इंचच पुढे सरकतो. म्हणून साध्या काठाची, बेताच्या पदराची साडी काही आठवड्यांत उतरते, आणि मोठा बांगडी मोर, आसावलीचा काठ, अंगभर नक्षी असेल, तर महिनेच्या महिने जातात.

रंग असे एकमेकांत अडकवून विणल्यामुळे हातमागाच्या पैठणीचा पदर उलटसुलट जवळजवळ सारखाच दिसतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे नसतात. यंत्रमागावरच्या पैठणीच्या पदरामागे सुटे किंवा छाटलेले धागे हाताला लागतात. दुकानात करायची ही पहिली आणि सगळ्यात भरवशाची तपासणी.

भावाचा ढोबळ अंदाज असा:

• यंत्रमागावरची किंवा सेमी पैठणी: दीड ते पाच-सहा हजार.
• हातमागाची, अरुंद काठ आणि छोट्या पदराची: आठ-दहा हजारांपासून पुढे.
• मोठा नक्षीदार पदर, रुंद काठ: पंचवीस हजार ते पन्नास हजार.
• अंगभर विणलेली नक्षी: लाखाच्या आसपास आणि त्यावर.

हे आकडे दुकान, गाव आणि रेशमाच्या भावाप्रमाणे मागेपुढे होतात. तरी एक पडताळा कायम लागू पडतो. चाळीस दिवसांचं काम आणि दिवसाला ६०० रुपये मजुरी धरली, तर २४ हजार रुपये नुसत्या विणण्याचे झाले. रेशीम, जरी, रंगाई आणि दुकानदाराचा नफा वेगळा. म्हणून मोठ्या पदराची ‘हातमागाची’ पैठणी सहा हजारांत मिळाली, तर खुश होऊ नका, पदर उलटून बघा.

सेमी पैठणी घेण्यात कमीपणा काहीच नाही. हळदीकुंकवाला, ऑफिसच्या समारंभाला ती छान दिसते. यंत्रमागाच्या मालाला हातमागाचा भाव लावणं ही मात्र फसवणूक आहे, आणि तिचा मार गिऱ्हाइकाइतकाच येवल्या-पैठणच्या विणकरालाही बसतो.

चिठ्ठ्या काय सांगतात, काय सांगत नाहीत

सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाला. होलोग्राम आणि क्रमांक असलेली ही चिठ्ठी रेशीम अस्सल असल्याची हमी देते, तेवढीच. साडी हातमागावर विणली की यंत्रमागावर, हे ती सांगत नाही. जरी चांदीची की प्लास्टिकची, हेही सांगत नाही. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. महाग साडी घेताना सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क दोन्ही मागा.

जरी हा वेगळा विषय आहे. जुन्या पैठण्यांत चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी दिलेली जरी असे, म्हणूनच जीर्ण साड्यांनाही चांदीचा भाव मिळायचा. आज बहुतेक साड्यांत तांब्यावर मुलामा दिलेली किंवा प्लास्टिकच्या पट्टीची जरी असते. ती हलकी आणि स्वस्त असते, आणि साडी सुंदर दिसायला पुरते. विक्रेता ‘चांदीची जरी’ म्हणून भाव वाढवत असेल, तर ते शब्द बिलावर लिहून घ्या.

रेशमाची शंका आली, तर पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळून पाहा. अस्सल रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

कराचा फरक

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. साडी न शिवलेलं कापड मानली जात असल्याने तिच्यावर ५ टक्केच लागतो. म्हणजे ६० हजारांच्या तयार लेहंग्यावर १०,८०० रुपये कर, आणि तेवढ्याच किमतीच्या साडीवर ३,०००. बुटीकमध्ये भाव सांगताना कर धरलाय की नाही, हे आधीच विचारा. कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेतलं, तर करही वाचतो आणि कपडा मापाचा होतो.

एका नेसण्याचा खर्च

आता खरा हिशेब. किमतीला किती वेळा वापरणार त्या आकड्याने भागा.

समजा, ४० हजारांची पैठणी घेतली. गौरी, दिवाळी, नात्यातली लग्नं धरून वर्षातून दोनदा नेसली आणि पंधरा वर्षं टिकली. तीस वेळांचा हिशेब दर वेळी सुमारे १,३३० रुपये. त्यात पॉलिशिंग आणि ड्रायक्लीनिंगचे थोडे वाढवा. पुढे लेकीने किंवा सुनेने नेसली, तर आकडा आणखी उतरतो. साडीला माप नसतं, हा तिचा सर्वांत मोठा फायदा.

एक लाखाचा लेहंगा लग्नात एकदा आणि भावाच्या लग्नात एकदा, असा दोनदाच वापरला, तर एका वेळेचे ५० हजार पडतात. जड लेहंगा बहुतेक घरांत पुढे गादीखाली किंवा माळ्यावर जातो. तो घ्यायचाच असेल, तर असा निवडा की चोळी साध्या साडीवर आणि ओढणी साध्या ड्रेसवर वापरता येईल.

रिसेप्शनसारख्या तीन तासांच्या कार्यक्रमाला भाड्याचा लेहंगा किंवा शेरवानी हा शहाणपणाचा मार्ग आहे. मुंबई-पुण्यात ती दुकानं सहज सापडतात. अनामत किती, डाग पडला तर कापणार किती आणि मापात बदल करून देणार का, हे तीन मुद्दे पावतीवर लिहून घ्या.

रोजच्या कपड्यांत तर ब्रँडचा छाप असलेल्या टी-शर्टपेक्षा चांगल्या कापडाचा, नीट शिवलेला साधा शर्ट घ्या. जिथे जादा पैसा टिकाऊपणात जातो, अशा चपला-बूट, हिवाळी जाकीट, कामावरची पँट यांत तो घाला.

बिल आणि तक्रार

पक्कं बिल घ्या. त्यावर ‘हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’, ‘हातकाम’ हे दुकानदाराने तोंडी दिलेले शब्द लिहून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून सदोष माल परत घेणं नाकारता येत नाही. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, दुकानदाराने तो परत घ्यायला हवा. रंग आवडला नाही म्हणून मात्र हा हक्क मिळत नाही.

दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.

शेवटी निवड कशी करायची?

दुकानात शिरण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: जास्तीत जास्त किती खर्च करणार, किती वेळा वापरणार, आणि त्यातून एका वापराचा खर्च किती. मग कपडा उलटून पाहा आणि ‘किती दिवसांचं काम?’ हा प्रश्न विचारा. दुकानदाराने कारागिराचे दिवस, मागाचा प्रकार, सुताची जात सांगितली आणि ती बिलावर उतरवली, तर महाग कपडाही निर्धास्त घ्या. तो पैसा कुणाच्या तरी कष्टाला जातो आणि तुमच्या घरात वर्षानुवर्षं वापरला जातो. उत्तरादाखल फक्त कुणा नटीचं नाव आणि ‘यंदाची फॅशन’ ऐकायला आली, तर पुढचं दुकान गाठा.