तूप परदेशी धाडण्याआधी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तूप करणाऱ्यांची निर्यातीची कागदपत्रं पाहणं हे माझं काम. या कामात सगळ्यात जिवाला लागलेला माल न्हावरे भागातल्या एका शेतकरी गटाचा होता. गीर गाईचं, विरजण लावून घुसळलेल्या लोण्याचं तूप. रवाळ, सोनेरी, वासाला खमंग. इथल्या लॅबमध्ये पास. आयात-निर्यात कोड होता, अपेडाची नोंदणी होती, अन्नसुरक्षा परवाना होता. माल न्हावाशेव्याहून सुटला आणि अमेरिकेच्या बंदरात अडकला.

तुपात खोट निघाली नव्हती. अमेरिकेत 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं परदेशी पुरवठादाराची पडताळणी तिथल्या आयातदाराच्या अंगावर टाकली आहे. त्याचं नाव आणि नऊ आकडी डन्स क्रमांक कस्टम्सच्या नोंदीत द्यावा लागतो. खरेदीदार तिथला किराणा दुकानदार. फोनवर त्यानं ‘सगळं आहे’ म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात पडताळणीचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. प्रवेश नाकारला की 90 दिवसांत माल परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. गोदामाचं भाडं रोज चढत होतं, दुकानदार फोन उचलेना. शेवटी नुकसान आलं ते गटातल्या बायाबापड्यांच्या दुधाच्या पगारातून वळतं झालं. म्हणून आता मी पहिला प्रश्न तुपाबद्दल विचारत नाही. तिकडे माल कोणाच्या नावावर उतरणार, आणि त्यानं तुमच्याकडे पडताळणीचे कागद मागितले का, हे विचारतो. जो मागत नाही, त्याला माल देऊ नका.

त्याच्याही आधी दार उघडं आहे का ते पाहा. भारतीय दुग्धपदार्थांना मानवी आहारासाठी युरोपीय संघात प्रवेश नाही. औषध-कीटकनाशकांच्या अंशांवर देखरेख आणि लाळ्या खुरकूत ही त्यामागची जुनी दुखणी. जर्मनीतला भाचा कितीही आग्रह करो, तिथं व्यापारी माल जाणार नाही. अमेरिकेच्या पशुरोग नियमांत लोणी आणि बटर ऑइलला सूट आहे, पण जकातीचा हिशेब वेगळा. कोट्यात, परवान्यावर, 10 टक्के. कोट्याबाहेर किलोला 1.865 डॉलर आणि वर 8.5 टक्के. अधूनमधून लागणारे जादा कर आणखी निराळे. हा आकडा न धरता दर ठरवला तर चांगल्या तुपातही हात पोळतात.

आता तुपाकडे येतो, कारण खरी गोम इथंच आहे. आपल्याकडे ॲगमार्कच्या विशेष प्रतीला मुक्त स्निग्धाम्ल 1.4 टक्क्यांपर्यंत चालतं, सर्वसाधारण प्रतीला 2.5 पर्यंत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात तुपाची मर्यादा 0.4 टक्के. परदेशी खरेदीदार करारात एका ओळीत ‘कोडेक्सप्रमाणे’ लिहितो आणि आपण सही करतो. लॅब रिपोर्टवर 1.1 पाहून इथं सगळे खूश असतात, तिथं तोच माल नापास.

हे आम्ल वाढतं कुठं? दौंडच्या बाजूला चैत्र-वैशाखात चाळिशी पार होते. चार गोठ्यांतलं लोणी गोळा व्हायला पाच-सहा दिवस लागतात. तेवढ्या वेळात लोण्यातलं पाणी, ताकाचा अंश आणि उष्मा मिळून स्निग्धांश फोडत राहतात. मग कितीही निगुतीनं कढवा, बेरी कितीही लाल होऊ द्या, वाढलेलं आम्ल खाली येत नाही. ज्या दिवशी घुसळलं त्याच दिवशी कढवायचं, नाही जमलं तर लोणी गोठवून ठेवायचं. बरण्या काठोकाठ भरायच्या, उन्हात ठेवायच्या नाहीत, नाहीतर पेरॉक्साइडचा आकडा चढतो. त्याचीही कोडेक्समध्ये मर्यादा आहे, 0.6.

गोठ्यातली दुसरी गोष्ट पेंडीची. आपल्याकडे उसाच्या वाढ्यांबरोबर सरकी पेंड सढळ हातानं घालतात. सरकी वाढली की तुपाची शुद्धता तपासताना पाहिल्या जाणाऱ्या आकड्यांपैकी आर.एम. (रायकर्ट-मायसल) उतरतो आणि बी.आर. (ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटर) चढतो. गाय तीच, तूप शुद्धच, पण आकडे पाहणाऱ्याला वनस्पती तेलाच्या भेसळीचा संशय येतो. म्हणून प्रत्येक गोठ्याच्या वहीत पेंड कोणती, किती, कधी बदलली हे लिहायला लावा. गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन कधी दिलं आणि त्यानंतर किती दिवस दूध वेगळं काढलं हेही. गोचीड मारायच्या औषधाची नोंद तर हवीच, कारण कीटकनाशकं चरबीत साठतात आणि तूप म्हणजे निव्वळ चरबी. गोठेवाले सुरुवातीला कुरकुरतात. ‘साहेब, आम्ही काय शाळेत बसलोय का,’ असं दौंडच्या एका मावशींनी मला ऐकवलं. आज त्यांचीच वही सगळ्यांत चोख असते, आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

लेबलवर ‘ए टू’ लिहायचा मोह आवरा. ए वन आणि ए टू हा फरक बीटा केसिन या प्रथिनाचा, आणि तुपात प्रथिन जवळपास उरतच नाही. 21 ऑगस्ट 2024 ला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हेच कारण देऊन हे दावे काढायला सांगितलं, 26 ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. इथं सूट मिळाली म्हणून परदेशातला अधिकारी ऐकेल असं नाही. जातीचं नाव आणि घुसळण्याची रीत लिहा, तेवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. ‘सांधेदुखीवर गुणकारी’ वगैरे तर मुळीच नको. अमेरिकेत तशा वाक्यानं तूप औषधात जमा होतं. ‘दूध’ हा ॲलर्जीचा उल्लेख मात्र राहून जाता कामा नये, आणि आखातात माल जाणार असेल तर अरबी मजकूर छापण्याआधी मंजूर करून घ्या.

अमेरिकेतली कारखान्याची नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात नव्यानं करावी लागते. दिवाळीच्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच अंगावर असतात, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर आत्ताच खूण करून ठेवा. आणि प्रत्येक घाण्यातल्या दोन बरण्या सील करून, तारीख टाकून, स्वतःच्या कपाटात ठेवा. तिकडच्या लॅबनं आकडा वेगळा काढला तर तुमच्या बाजूनं बोलायला तेवढाच माल हातात असतो.