उजनीच्या पाण्यातील मासेमारी

पुण्याहून वाहत येणारी मुळा-मुठा मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द या दोन गावांच्या मधून पूर्वेकडे जाते. पुढे रांजणगाव सांडस येथे ती भीमेस मिळते, आणि भीमेचे हे वाढलेले पाणी दौंड ओलांडून उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात जाऊन विसावते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास 'यशवंतसागर' असे नाव आहे. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतील कितीतरी शिवारे या पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देवालय उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे आजही वर डोकावते. जेथे एके काळी ज्वारी डोलत होती तेथे आता भोई जाळी टाकतात.

माशाला पाणी मिळाले म्हणजे झाले, मग ते नदीचे असो की तलावाचे, असा आपला समज असतो. परंतु तो खरा नव्हे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ साली त्यांची वर्णने लंडन येथे प्रसिद्ध केली. या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच उचलली. खुद्री, कोळस, शिंगटी हे शब्द लॅटिन पोशाख चढवून शास्त्रात कायमचे जाऊन बसले आहेत. त्यामुळे जगातील कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञास या माशांचे नाव घेताना आपल्या मुलखातील शब्द उच्चारावा लागतो! त्यांतील खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, साइक्सला पुण्याच्या पूर्वेस याच मुळा-मुठेत मिळाला होता. या माशाला अंडी घालावयास स्वच्छ, वाहते पाणी आणि खडे-गोट्यांचा तळ लागतो. मांजरीजवळची नदी आता तशी राहिलेली नाही. शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तिचे रूप पालटले आहे. १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने या माशाची अंडी मुद्दाम उबवून पिले वाढविली आणि ती दूरदूरच्या तलावांत नेऊन सोडली. आपल्या नदीतील मासा पाहावयास आज घाट चढून जावे लागते.

उजनीतील मासेमारीत ज्या माशांना मोठा मान आहे ते कटला, रोहू आणि मृगळ हे तिघेही मूळचे उत्तर हिंदुस्थानातील गंगेच्या परिवारातले. त्यांची एक सोय मोठी पाहण्याजोगी आहे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात राहतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाशी अन्न शोधतो. एकाच घरात तीन मजले करून तीन कुटुंबांनी भांडणाशिवाय राहावे तसा हा प्रकार होय. मात्र हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी पुराची ओढ लागते. म्हणून पूर्वी बंगाल-बिहारच्या नद्यांतून त्यांची पिले गोळा करून दूरवर न्यावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना अंडी घालावयास लावण्यात यश मिळविले, आणि मत्स्यबीज हवे तेथे तयार होऊ लागले. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू ते 'जिरे', आणि बोटाएवढे झाले म्हणजे ती 'बोटुकली'. ही नावे ज्याने दिली त्याची नजर खरोखर तीक्ष्ण असली पाहिजे. बोटुकली जलाशयात सोडतात, आणि तेथून पुढे सर्व भार जाळ्यावर येतो.

जलाशयात टाकावयाचे मुख्य जाळे भिंतीसारखे उभे राहते. त्याच्या वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे आणि खालच्या दोरीला वजने असतात. सायंकाळी ते पाण्यात लावून ठेवतात आणि पहाटे उचलतात. तंगुसाचा धागा पाण्यात दिसत नाही. पोहत आलेला मासा डोके भोकात घालतो, अंग जाड म्हणून पुढे जाता येत नाही, आणि मागे सरावे तर कल्ले दोऱ्यात अडकतात. म्हणजे कोणता मासा सापडावयाचा आणि कोणता निसटावयाचा हे जाळ्याच्या भोकाचे माप ठरविते. या मापाला 'आस' म्हणतात. आस मोठा ठेवला तर बोटुकली खुशाल पलीकडे जाते आणि पुढे किलो-दोन किलोंचा मासा होऊन परत येते. आस बारीक केला तर तीच बोटुकली मूठभर वजनाची असतानाच बाजारात जाते. रोहूची मादी वयात यावयास सुमारे दोन वर्षे लागतात. मग मात्र ती शरीराच्या प्रत्येक किलोमागे लाख-दीड लाख अंडी देऊ शकते. मुलांनो, बारीक आसाच्या जाळ्याने एका रात्री काय गेले याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. बारीक जाळे लावणारा नेहमी लोभीच असतो असे मात्र नाही. घरी चूल पेटवावयाची असते, आणि आपण सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल ही भीती त्याच्या मनात असते. एकट्याने नियम पाळणे कठीण. सर्वांनी मिळून पाळला तरच तो टिकतो.

आफ्रिकेतून आलेल्या एका माशाने या सर्वांवर ताण केली आहे. टिलापिया १९५२ साली भारतात आला. भिगवणच्या बाजारात त्याला 'चिलापी' म्हणतात. याची अंडी थोडी, काही शेकडाच. परंतु मादी ती तोंडात धरून उबविते, त्यामुळे त्यांचा नाश फार होत नाही. त्याला पूर लागत नाही, वाहते पाणी लागत नाही, आणि वर्षातून अनेकदा त्याची वीण होते. लिलावात चिलापीचे ढीग पडतात. स्वस्त आणि चविष्ट म्हणून लोक ती आवडीने खातात. पण तिने भरलेल्या पाण्यात जुन्या माशांना जागा उरत नाही.

उजनीत सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातील निम्म्याहून अधिक कालव्यांच्या दारांपेक्षा खालच्या पातळीवर असल्याने त्याला 'मृतसाठा' म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नाव ठीक आहे. माशांच्या दृष्टीने मात्र उन्हाळ्यातला सारा जीव याच साठ्यात असतो. पाणी आटू लागले की मासे दाटीने एकत्र येतात. वरून वाहत आलेली घाण त्याच थोड्या पाण्यात कुजते, शेवाळ हिरवेगार वाढते, आणि रात्री पाण्यातील प्राणवायू कमी होतो. मग पहाटे कटला-रोहू पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताना दिसतात. मरळीला वरची हवा घेता येते, म्हणून ती तग धरते. इतरांना ती सोय नाही.

ज्येष्ठ-आषाढात घाटमाथ्यावर पाऊस कोसळला म्हणजे भीमेला गढूळ लोंढा येतो. त्या पाण्याचा वास लागताच अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, दौंडकडे चढू लागतात. हे चढणीचे मासे. उथळ पाण्यात ते हातानेही धरता येतात, आणि नेमके याच दिवसांत त्यांना धरणारे हात सर्वांत अधिक असतात.