‘विहित मर्यादेत’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो, नाल्याची तक्रार घेऊन कार्यालयात गेलं की पुष्कळदा एक कागद पुढे येतो. त्यावर आकडे असतात आणि शेवटी लिहिलेलं असतं, ‘विहित मर्यादेत’. आपण कागद घडी घालून पिशवीत टाकतो आणि परत येतो. या महिन्याचा पाठ त्या दोन शब्दांचा आहे.

कागदावर एक शब्द हमखास असतो, बीओडी. खरकटं बादलीत टाकून झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बादली वास मारते ना? पाण्यातले जिवाणू घाण खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त लागतो. तो किती लागतो याचं माप म्हणजे बीओडी. प्रयोगशाळेत नमुना तीन दिवस ठेवून तो मोजतात. (कारखान्यातली केमिकल, जड धातू यांचे आकडे वेगळे असतात, तेही मागायचे.)

मोजणं हे शास्त्राचं काम. पण किती घाण चालेल ही रेघ कोण मारतं? इथे खरी गंमत आहे.

शहराचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडताना बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा, असा मसुदा केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पक्का नियम आला तेव्हा मोठ्या शहरांसाठी २० आणि बाकीच्यांसाठी ३० झाले होते. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तज्ज्ञांची समिती नेमून, तिचं ऐकून, सगळीकडे १० च ठेवा असा आदेश दिला. चार वर्षांत नदी बदलली नाही, माणसाचं पोटही बदललं नाही. पाणी जास्त शुद्ध करायचं तर यंत्रणा महाग, वीज जास्त. तो पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. तो सरकार, पालिका आणि कोर्ट यांच्यात सुटतो.

दहा आणि तीसमध्ये फरक किती, ते हंड्यांनी मोजू. शुद्धीकरण करून पिण्यासाठी घ्यायच्या नदीच्या पाण्यात बीओडी ३ च्या आत असावा, असं केंद्रीय प्रदूषण मंडळ सांगतं. ३० वालं एक हंडा पाणी ३ वर आणायचं तर त्यात अगदी निर्मळ पाण्याचे नऊ हंडे ओतावे लागतील. १० वालं असेल तर अडीचसुद्धा लागत नाहीत. आता सांगा, मे महिन्यात वालधुनीत निर्मळ पाण्याचे नऊ हंडे कुठून येणार?

वालधुनी अंबरनाथजवळच्या काकोळ्याच्या डोंगरातून येते, शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. मंदिर १०६० सालचं, म्हणजे नदीकाठ तेव्हा देऊळ बांधण्याजोगा होता. उल्हास नदीची गोष्ट आणखी नाजूक. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली तिचं पाणी पितात आणि सांडपाण्याचे नालेही तिलाच मिळतात. उल्हासनगरचा खेमाणी नाला त्यातलाच.

२९ नोव्हेंबर २०१४ ला पहाटे उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन सोडलं गेलं. शेकडो लोकांना मळमळ आणि श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे कोणाला मर्यादेचा आकडा लागला नाही. नियम होता, रात्री पहारा नव्हता. पुढे जुलै २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर हरित लवादाने दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाबद्दल पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये उल्हासनगरातले जीन्स धुण्या-रंगवण्याचे शेकडो कारखाने बंद झाले.

इथे आपल्यातल्या काहीजणी गप्प होतील, हे मला ठाऊक आहे. जीन्सचे धागे कापून, बटणं लावून किती घरांची फी भरली जायची! निळं पाणी नाल्यात सोडणं थांबायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सगळ्या कारखान्यांचं पाणी एका ठिकाणी शुद्ध करणारं केंद्र आधी उभं राहिलं असतं, तर नदी आणि नगावरची मजुरी यांतलं एक निवडायची पाळी आली नसती. ते केंद्र न उभारणं हाही एक राजकीय निर्णयच होता, फक्त त्यावर कोणाची सही नव्हती. नंतर असे कारखाने आजूबाजूच्या गावांत लपूनछपून सुरू झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे नाला शहरातून आपल्या शेताकडे सरकला.

मग कागद हातात आला की काय बघायचं? नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला ते आधी बघा. भर पावसात घेतलेला नमुना चांगलाच येणार. नाला नदीला मिळतो त्याच्या वर घेतला की खाली, हेही बघा. आणि मर्यादा म्हणून १० धरलाय की ३०, ते विचारा.

एक चूक मात्र करू नका. आपण बाटली भरून आणतो आणि हा घ्या पुरावा म्हणतो. १९७४ च्या पाणी कायद्यात नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. मंडळाचा अधिकारी कारखानदाराला तिथेच नोटीस देतो, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील करतो, सह्या घेतो. तसा नमुनाच कोर्टात टिकतो. आपल्या बाटलीचा, फोटोचा उपयोग अधिकाऱ्याला तिथपर्यंत आणण्यासाठी करायचा, आणि तारीख-वेळ लिहून ठेवायची.

अहवाल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ, दाखल्याची प्रत जोडायची. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जात एवढंच लिहा: ‘आमच्या गावाजवळच्या नाल्याचे गेल्या १२ महिन्यांतील सर्व नमुन्यांचे अहवाल, नमुना घेतल्याची जागा, तारीख, वेळ आणि लावलेली मर्यादा यांच्यासह मिळावेत.’ नाल्याचं नाव घालायला विसरू नका, आणि पोचपावतीची झेरॉक्स गटाच्या फाइलला लावा.